परतीची वाट राखून

डॅशबोर्डच्या मधल्या चौकटीत हात घातला की डाव्या अंगाला पत्र्याची एक कड बोटाला लागते. कानशीने घासलेली, तरी वाकडीच. १९८६ च्या मे महिन्यात दादाने ती कापली. कर्जतच्या आमच्या अंगणात, आंब्याखाली, हॅक्सॉच्या पात्याला फडकं गुंडाळून. मामाने मस्कतहून कॅसेटचा डेक आणला होता आणि तो फियाटमधल्या जुन्या रेडिओच्या जागेत मावत नव्हता. बाबा भाताच्या गिरणीतून जेवायला आले तोवर काम उरकलं होतं. ते बराच वेळ गाडीपाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "विचारायचं तरी होतंस."

दादाने विचारलं असतं तर बाबांनी नको म्हटलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. गाणी त्यांनाही हवी होती. मात्र त्या दुपारी गाडीला एक गोष्ट झाली जी परत फिरवता येणार नव्हती, एवढं त्यांना कळलं होतं. मला ते कळायला पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं लागली. जुन्या गाडीत नवा आवाज बसवावा का, आणि बसवायचा तर कसा, हा प्रश्न ऐकायला लहान वाटतो. आमच्या घरात तो त्या कापलेल्या कडेपासून सुरू झाला.

कुर्ल्याची गाडी, कर्जतचं घर

आमची गाडी १९६८ ची फियाट ११०० डी. कर्जतमध्ये तिला सगळे नुसतं ‘डिलाइट’ म्हणायचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ साली डिलाइट आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप घेऊन ती सगळ्या देशाला ओळखीची झाली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा आमच्या घरी कोणी गेल्यासारखी शांतता होती.

कुर्ला आणि कर्जत एकाच लोकलच्या वाटेवर आहेत. त्यामुळे आई म्हणायची, गाडी काही परगावाहून आणलेली नाही, माहेरच्या वाटेवरचीच आहे. घरी आणण्याआधी बाबांनी ती महडला नेली. खालापूर तालुक्यातलं हे वरदविनायकाचं स्थान अष्टविनायकांपैकी एक. आमच्या भागात आजही नवी गाडी आधी तिथे जाते, मग घरी येते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, आणि पूजा आटोपल्यावर बाबांनी पहिल्यांदा रेडिओ लावला. विक्रेत्याकडूनच बसवून घेतलेला, मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असे दोन पट्टे असलेला, दोन गोल बटणांचा.

आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, विविध भारतीची जाहिरातींसह व्यापारी सेवा मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून सुरू झाली होती. बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला गल्लीतली पोरं गाडीच्या काचा खाली करून मागच्या सीटवर दाटीवाटीने बसायची. त्या काळी रेडिओ बाळगायला परवाना लागे, तो पोस्टातून मिळे आणि दर वर्षी पैसे भरून नवा करावा लागे. बाबांची ती परवान्याची पुस्तिका अजून गाडीच्या कप्प्यात आहे. एकेका वर्षाचा शिक्का, शाई फिकी झालेली. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली आणि पुस्तिका तिथेच राहून गेली.

त्या रेडिओने मला आमच्या मुलखाचा नकाशा कानांनी शिकवला. खोपोलीत टाटांचं १९१५ सालचं जलविद्युत केंद्र आहे. तिथून निघालेल्या उच्चदाबाच्या तारांखाली गाडी आली की गाण्यावर खरखर चढायची. कर्जतला रेल्वेफाटकापाशी थांबलो की वरच्या विजेच्या तारांचा गुणगुणाट ऐकू यायचा. घाटात एखाद्या वळणावर कड्याच्या आड गेलो की आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा व्हायचा, आणि पुढच्या वळणावर लख्ख. शिंग्रोबाचं देऊळ आलं की बाबा गाडी हळू करायचे आणि रेडिओचं बटण डावीकडे फिरवायचे. टक. इंग्रजांना बोरघाटातली वाट दाखवणारा आणि बक्षीस म्हणून त्यांनी हा मुलूख सोडावा असं मागणारा धनगर, ज्याला त्याबद्दल गोळी घातली असं सांगतात, तो हा शिंग्रोबा. खिडकीतून एक नाणं जायचं, दोन क्षण शांतता, आणि पुन्हा टक.

माळ्यावरचं बोचकं

दादाने बसवलेला डेक दहा-बारा वर्षं वाजला. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकरचे डबे आले. त्यांच्या वायरी सीटखालून, पायपुसण्याखालून, कुठे चिकटपट्टीने तर कुठे नुसत्याच पुढे गेल्या. पुढे डेक टेप खाऊ लागला, मग मुका झाला. बाबा गेल्यावर गाडी शेडमध्ये उभी राहिली. कर्जतच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या गाडीचं काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. कापलेल्या कडेला रंग नव्हता, म्हणून गंज पहिल्यांदा तिथूनच चढला.

गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं तेव्हा इंजिन, ब्रेक, पत्राकाम यांत कुणाचे मतभेद झाले नाहीत. मतभेद झाले आवाजावरून. माझा भाचा म्हणाला, मोठा स्क्रीन बसवू. दादा म्हणाला, मी कापलेलं जोडून टाकू, जुना रेडिओ लावू आणि विषय संपवू. आणि माळ्यावर वर्तमानपत्रात बांधलेला तो रेडिओ खरोखर सापडला. बाबांनी जपून ठेवलेला. सोबत त्याची दोन बटणं, चार स्क्रू आणि पितळी पट्टी एका औषधाच्या बाटलीत.

ती बाटली हातात घेतली तेव्हा या सगळ्याची दिशा मला समजली. बाबा कापलेला पत्रा परत आणू शकत नव्हते. पण जे काढलं गेलं ते त्यांनी फेकू दिलं नव्हतं.

‘मूळ’ म्हणजे नेमकं कुठलं?

जुन्या गाड्यांच्या जगात ‘ओरिजिनल’ हा शब्द फार सैल वापरला जातो. जुन्या वाहनांच्या संघटनांची ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिने २०१२ मध्ये ‘ट्यूरिन सनद’ स्वीकारली. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या व्हेनिस सनदेचा विचार तिने वाहनांना लावला. तिचं सार असं: गाडी चालती राहावी, कारण चालणं हाच तिचा धर्म आहे. बदल करावाच लागला तर तो मूळ बांधणीला आणि रूपाला धक्का न लावणारा, पुन्हा काढता येणारा असावा. आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीबरोबरच सांभाळावेत. बाबांनी ही सनद वाचलेली नव्हती. त्यांची औषधाची बाटली मात्र तिच्या बरहुकूम होती.

याच सनदेतला दुसरा विचार अधिक अवघड आहे. गाडीच्या रोजच्या वापराच्या काळात तिच्यात झालेले बदलसुद्धा तिच्या इतिहासाचा भाग असतात. मग १९८६ चा डेकही इतिहासच. परदेशी गेलेल्या मामाने आणलेला, त्या दशकात आमच्या आळीतल्या कित्येक घरांत आला तसा. तो पुसून टाकून १९६८ चा पहिला दिवस परत आणण्याचा आव आणणं मला खोटं वाटलं. गाडी पहिल्या दिवशीच थांबलेली नाही, ती आमच्याबरोबर जगली आहे.

आपल्याकडच्या कायद्यानेही गेल्या काही वर्षांत हा विषय हाती घेतला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका, २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन किंवा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. रेडिओबद्दल नियमात काही नाही. तिथे मालकाने स्वतःच मर्यादा ओळखायची.

ती मर्यादा कुठली, हे मला आमच्याच घाटात सापडलं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याखाली एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं. गाडी चढ चढून तिथे थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढे. ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ सरळ रेषेत सगळा जिंकता येत नव्हता. वर जाण्यासाठी दिशा उलटावी लागे. पुढे नव्या मार्गाने ते वगळलं गेलं. त्याच परिसरात एक्स्प्रेसवेवर अमृतांजन पूल नावाने सगळ्यांना ठाऊक असलेला ब्रिटिशकालीन दगडी पूल होता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो स्फोटाने पाडला. वाहतुकीची अडचण खरी होती, वाद मला घालायचा नाही. पण पाडलेला पूल परत येत नाही. म्हणून गाडीतल्या आवाजासाठी मी एकच कसोटी धरली: उद्या कुणाला हे सगळं काढावंसं वाटलं तर दोन तासांत, एका पेचकसाने, मागे खूण न ठेवता काढता आलं पाहिजे. नवं भोक एकही पाडायचं नाही.

सव्वादोनशे वॅटचा संसार

खोपोलीत जुन्या महामार्गाच्या कडेला एका वायरमन काकांचं दुकान आहे. ट्रकच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात बसलेला. मी विचार सांगितला तेव्हा त्यांनी आधी बॉनेट उघडायला लावलं.

"ताई, गाणं नंतर. आधी हिच्या पोटात किती अन्न आहे ते बघू."

अन्न म्हणजे वीज. आजच्या गाड्यांत अल्टरनेटर असतो, डिलाइटमध्ये डायनॅमो. त्याची ताकद सगळी मिळून सव्वादोनशे वॅटच्या आसपास, आणि तीही इंजिन पळत असताना. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दोन हेडलाइट नव्वद वॅट. बारीक दिवे आणि मीटरचे दिवे तीस. इग्निशन चाळीस. पावसात वायपर तीस-चाळीस. रात्री, पावसात, घाटात उरले पंचवीस-तीस वॅट. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. सगळा भार बॅटरीवर. खोक्यावर शेकडो वॅट लिहिलेले ॲम्प्लिफायर या संसारात येऊच शकत नाहीत. काहींनी त्यासाठी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवले आहेत. मग रेग्युलेटर बदलतो, वायरिंग बदलतं आणि गाण्यासाठी गाडीच बदलते.

आम्ही ‘क्लास-डी’ जातीचा लहान ॲम्प्लिफायर निवडला, प्रत्येक बाजूला वीस वॅटचा. या जातीत वीज उष्णतेत फार वाया जात नाही. साध्या आवाजात ऐकताना तो डायनॅमोला जाणवतही नाही.

मग काकांनी अर्थ तपासला. फियाटमध्ये बॅटरीचं मायनस टोक बॉडीला असतं, म्हणून काम सोपं. पण ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाड्यांत, सुरुवातीच्या अँबॅसडरमध्येही, प्लस टोक बॉडीला असे. अशा गाडीत आजचा स्टिरिओ सरळ जोडला तर त्याचं धातूचं आवरण बॉडीला टेकताच वायर जळते. जुन्या जीप आणि बीटलमध्ये तर वीजच सहा व्होल्टची. "आधी मीटर लावायचा, मग हात," काका म्हणाले. त्यांच्या टेबलावर अशाच घाईत जळालेले दोन डेक पडले होते.

गाडीच्या मूळ वायरिंगला आम्ही शिवलो नाही. त्या वायरींचं आवरण इतकं कडक झालेलं की वाकवलं तरी तडकेल. नवी जोडी थेट बॅटरीवरून घेतली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, आणि बॉनेटमधून आत यायला स्पीडोमीटरच्या केबलचंच रबरी भोक. विजेची वायर उजव्या कडेने, आवाजाची डाव्या कडेने, दोघींचा अर्थ एकाच ठिकाणी. हे केलं नाही तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शीळ गाण्यात शिरते आणि मग कुठल्याही महाग स्पीकरने ती जात नाही.

रेडिओ उघडला तेव्हा

जुना रेडिओ काकांनी माझ्यासमोर उघडला. आत धुळीचा मऊ थर, मागच्या पत्र्यावर जर्मेनियमचा एक मोठा ट्रान्झिस्टर, आणि स्टेशन बदलणाऱ्या काट्याला ओढणारा बारीक दोरा. दोरा तुटलेला होता. काकांनी गोफासारखा विणलेला मजबूत दोरा मेण लावून कप्प्यांवरून तसाच फिरवला. कोरडे पडलेले कपॅसिटर बदलले. जुने काढलेले एका पुडीत घालून त्यावर तारीख लिहिली. स्पीकरचा कागद झुरळांनी कडेला खाल्ला होता. तो फेकून नवा लावायला त्यांनी ठाम नकार दिला. अशा जुन्या रेडिओला त्याच्याच हिशेबाचा स्पीकर लागतो. भलत्या रेझिस्टन्सचा जोडला, किंवा स्पीकर न जोडताच चालू केला, तर तो मोठा ट्रान्झिस्टर जातो आणि आज शोधून सापडत नाही. पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेला पांढरा गोंद यांनी त्यांनी तो कागद सांधला. दिवसभर सुकू दिला.

संध्याकाळी बॅटरी जोडली. बटण उजवीकडे फिरवलं. टक. डायलमागे पिवळा दिवा लागला, काट्याला दोरा ओढताना दिसला, आणि खरखरीतून एका बाईंचा आवाज वर आला. बातम्या होत्या. काका लगेच काही बोलले नाहीत.

मिडियम वेव्हची केंद्रं एकेक करून कमी होत चालली आहेत. एफएम या रेडिओत नाहीच, शिवाय एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. माथेरान-प्रबळच्या डोंगरांमागे राहणाऱ्या आम्हाला मुंबईची केंद्रं अडखळतच मिळतात. म्हणजे हा रेडिओ जिवंत ठेवायचा तरी त्याच्याजवळ ऐकायला फार काही उरणार नाही. म्हणून दुसरा आवाज हवाच होता.

जगात यावर अनेक उपाय आहेत. पोर्शेने आपल्या जुन्या मोटारींसाठी जुन्याच चेहऱ्याचे, आत नकाशे आणि फोनची सोय असलेले रेडिओ काढले. मोटारीतला रेडिओ युरोपात १९३२ मध्ये आणणाऱ्या ब्लाउपुंक्टच्या नावानेही जुन्या धाटणीचा नवा रेडिओ मिळतो. जिथे मूळ रेडिओ हरवलाय तिथे हे उत्तमच. काही जण जुन्या रेडिओच्या पोटात नवी पाटी बसवतात. बाहेरून जुना, आतून नवा. मला ते जमलं नसतं. दोरा ओढणारा तो काटा नुसता देखावा झाला असता.

आमच्या गाडीत आता दोन आवाज शेजारी राहतात. रेडिओ आपल्या जागी, आपल्या स्पीकरवर. नवा ॲम्प्लिफायर पुढच्या सीटखाली, सीटच्याच बोल्टना धरलेल्या पट्टीवर. फोनची गाणी हवेतून घेणारी आगपेटीएवढी डबी त्याच्याच बाजूला. दहिवलीच्या सुताराने मरीन प्लायचे दोन उथळ खोके केले, डॅशखालच्या कप्प्याच्या दोन टोकांना बेतून, जुन्या रेक्झिनच्या रंगाचं कापड लावून. ते नुसते ठेवलेले आहेत, दाबून बसतात. आणि ॲम्प्लिफायर चालू-बंद करण्यासाठी वेगळं बटण लावलंच नाही. रेडिओच्या डायलच्या दिव्याला वीज मिळाली की त्याच होल्डरमधून निघालेली एक बारीक तार ॲम्प्लिफायरला जागं करते. म्हणजे नवं गाणंही बाबांच्या बटणावरच सुरू होतं.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र स्पीकरने झाली नाही. काका म्हणाले होते, गाणं मोठं करण्याआधी गाडी शांत करा. आम्ही चारही दारांचे रबर बदलले, सायलेन्सरचा ढिला क्लॅम्प आवळला, पायाखालचा कुजलेला फेल्ट काढून तसाच नवा अंथरला. आजकाल पत्र्याला डांबरी चादरी चिकटवतात. आवाज दबतो, पण त्या काढताना रंग निघतो आणि पावसाळ्यात खाली पाणी साठतं. फेल्ट उचलता येतो, उन्हात घालता येतो. त्या दोन दिवसांच्या कामानंतर तोच लहान स्पीकर दुप्पट मोठा वाटू लागला.

राहिली ती कापलेली कड. दादा ती जोडायला निघाला होता, डेंटरही बोलावला होता. खालापूरच्या त्या मिस्त्रींनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "जोडतो, पण वेल्डिंगची आच डॅशच्या रंगाला लागणार. पन्नास वर्षांचा रंग जाईल. पत्रा एकदा कापला की कापला, ताई." आम्ही गंज घासला, प्राइमर लावला आणि कड तशीच ठेवली. पुढे बाबांची पितळी पट्टी जुन्याच चार स्क्रूंनी बसली. तिच्या मागे काय आहे ते फक्त हाताला कळतं. मस्कतचा डेक पुसून, कापडात बांधून, डिकीत ठेवलाय. परवान्याच्या पुस्तिकेशेजारी एक नवं पाकीट आहे: कुठली वायर कुठून गेली त्याचं चित्र, काय बदललं, काय जपलं, आणि कड कोणी कधी कापली. हे दादाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. शेवटी सही केली आहे.

शिंग्रोबापाशी

नवरात्र संपल्यावर आम्ही निघालो. पळसदरीवरून खोपोली आणि तिथून जुन्या रस्त्याने घाट. दादा गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे भाचा. भाताच्या शेतांना पिवळेपणा आला होता, काचा खाली होत्या. खोपोलीपर्यंत भाच्याच्या फोनवरची गाणी वाजली. त्यातली निम्मी मला माहीत नव्हती आणि ती छान वाजत होती. वीजकेंद्राच्या तारांखालून गेलो तेव्हा माझे कान आपोआप खरखरीची वाट पाहू लागले. ती आली नाही. नव्या आवाजाला तारा ऐकूच येत नाहीत. मला तेवढं चुकल्यासारखं झालं.

चढाला इंजिन दुसऱ्या गिअरवर आलं. दादाने न सांगता वेग कमी केला. देऊळ दिसलं. त्याने स्टिअरिंगवरचा हात उचलला, रेडिओचं बटण डावीकडे फिरवलं.

टक.

भाच्याने मागून विचारलं, "काय झालं? बिघडलं का?"

दादाने खिशातून नाणं काढलं आणि मागे हात करून त्याच्या तळहातावर ठेवलं.